आठ पॉइंट दोन

माझ्या सासऱ्यांना सगळा किनारा थेंबमास्तर म्हणतो. कालवांच्या हॅचरीत त्यांनी सत्तावीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात एक थेंबही अंदाजाने टाकला नाही, अशी त्यांची ख्याती आहे. घरी मात्र ते चहात साखर अंदाजानेच घालतात आणि तो चहा आम्हाला प्यावा लागतो. पण तो विषय वेगळा.

हॅचरी म्हणजे कालवांचं बाळंतपण करायची जागा. मोठी कालवं आणायची, कोमट पाण्यात ठेवायची, त्यांनी अंडी सोडली की फळवायची आणि त्यातून जी पिल्लं होतील ती गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात तीन आठवडे सांभाळायची. ती रिकाम्या शिंपल्यांना चिकटली की लोक घेऊन जातात आणि आपापल्या खाडीत वाढवतात. पिल्लू म्हणजे धुळीच्या कणाएवढा जीव. पहिल्या दोन दिवसांत त्याला आपलं पहिलं कवच बांधावं लागतं. तेव्हा त्याला खाताही येत नाही, अंड्यातून आणलेल्या शिदोरीवरच सगळं काम चालतं. शिदोरी संपायच्या आत कवच झालं तर पिल्लू जगलं. नाही झालं तर संपलं.

गुडघ्यांनी असहकार पुकारला म्हणून चार वर्षांपूर्वी सासरे, म्हणजे आमचे बाबा, घरी बसले आणि हौदखोलीची किल्ली माझ्याकडे आली. त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली होती, त्यामुळे कोणी नाक मुरडलं नाही. निदान तोंडावर तरी नाही. किल्लीबरोबर दोन नियमही आले. पहिला, हौद पहाटे भरायचे, कारण रात्रभरात पाणी निवळलेलं असतं. दुसरा, दर सोमवारी मीटर समुद्राला लावून घ्यायचं.

हा दुसरा नियम नीट सांगायला हवा, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. पाणी आम्लाकडे किती झुकलंय ते ज्या आकड्यावरून कळतं त्याला सामू म्हणतात. आकडा खाली गेला की पाणी आंबट व्हायला लागलंय असं समजायचं. तो मोजायचं आमचं मीटर जुनं, काट्याचं. त्याला काचेची एक नळी आणि बाजूला एक चक्री. मीटर भरकटलं तर चक्री फिरवून जागेवर आणायचं. खरं तर त्यासाठी पुड्या मिळतात. पुडी ठरावीक पाण्यात विरघळवली की त्या पाण्याचा सामू किती हे आधीच पक्कं माहीत असतं, त्यात नळी बुडवून काटा लावायचा. पण बाबांच्या सुरुवातीच्या काळात पुड्या वर्षभर आल्याच नाहीत. मग त्यांनी डोकं लढवलं. समुद्राच्या पाण्याचा सामू आठ पॉइंट दोन, असं तेव्हा सगळेच सांगत. म्हणून धक्क्यावरून बाटलीभर पाणी आणायचं, नळी बुडवायची आणि काटा आठ पॉइंट दोनवर येईपर्यंत चक्री फिरवायची. बाबा म्हणायचे, माणसाने केलेली वस्तू चुकते, समुद्र चुकत नाही. पुढे पुड्या यायला लागल्या, पण तोवर ही रीत अंगवळणी पडली होती.

मीही तसंच केलं. चार वर्षं, दर सोमवारी, डोळ्यात तेल घालून.

पहिली दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी एक खेप दुसऱ्याच दिवशी मेली. हौदाच्या तळाशी पांढरट साय धरल्यासारखी दिसत होती, ती सगळी पिल्लं होती. एखादी खेप जाते, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. चौथ्या वर्षी लागोपाठ दोन गेल्या. मग मी हौद घासायला घेतले. ब्रशने घासले, उकळत्या पाण्याने धुतले, पाइप उघडून आतून साफ केले. हौदखोलीतल्या आठ जणींना मी इतकं राबवलं की त्यांनी माझं नाव उकळती किटली ठेवलं, आणि ते मला कळेल एवढ्या मोठ्याने उच्चारायची व्यवस्थाही केली. माझ्या बोटांची सालं निघाली. मीटर मात्र दर वेळी आठ पॉइंट दोनच दाखवत होतं. म्हणजे पाण्यात खोट नाही, मग उरले माझे हात. कोणी स्पष्ट बोललं नाही, पण मास्तरांच्या वेळी असं होत नव्हतं, हे वाक्य कुठून ना कुठून कानावर यायचंच. सगळ्यात वाईट म्हणजे मला स्वतःलाही तसंच वाटायला लागलं होतं.

शेवटी मालकीणबाईंनी मला बोलावून घेतलं. बाई वाईट नाहीत, पण त्यांनी हात टेकले होते. तयार माद्या आता एका खेपेपुरत्याच उरल्या होत्या. ही खेप जगली तर ठीक, नाही तर हौदखोली बंद करून तिथे बर्फाचं कोठार करायचं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. आठ जणी आणि नववी मी, सगळ्यांना घरी बसावं लागणार होतं. एक गोष्ट मात्र त्यांनी केली. पाणी तपासायला बाहेरून एक बाई बोलावल्या.

त्या आल्या तेव्हा मला हसूच आलं. वय पंचविशीचं, पाठीवर तिच्यापेक्षा मोठी पिशवी. आमच्या बायकांनी लगेच पाण्याची डॉक्टरीण असं बारसं करून टाकलं. पहाटेच्या पाण्यात तिने स्वतःचं मीटर बुडवलं आणि आकडा आला सात पॉइंट सात.

मी म्हटलं, तुमचं मीटर बिघडलंय. ती म्हणाली, असेल, पुन्हा लावून बघते. तिने पिशवीतून दोन पुड्या काढल्या, विरघळवल्या, मीटर तपासलं, पुन्हा पाण्यात घातलं. पुन्हा सात पॉइंट सात. आता माझा पारा चढला. मी तिला कपाटापाशी नेलं. बाबांच्या नोंदवह्या तिथे काचेआड ठेवलेल्या आहेत, पाहुणे आले की मालकीणबाई कौतुकाने दाखवतात. त्यांची सत्तावीस वर्षं आणि पुढची माझी चार, प्रत्येक सोमवारी आठ पॉइंट दोन. मी म्हटलं, हे काय सगळं खोटं?

ती वाद घालायला आली नव्हती. तिने एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही तुमचं मीटर लावता कसं, दाखवाल?"

दाखवते की, म्हटलं, त्यात काय. बाटली घेतली, तिच्या सांगण्यावरून चक्री आधी मधोमध आणली, नळी बुडवली. काटा खाली होता. मी नेहमीसारखी चक्री फिरवायला लागले आणि काटा वर चढायला लागला. तो आठ पॉइंट दोनपाशी पोहोचायच्या आतच माझा हात थांबला. आपण काय करतोय ते मला दिसलं. समुद्र आपला आकडा सांगत होता आणि मी चक्री फिरवून त्याच्या तोंडी माझा आकडा घालत होते. पाणी कसलंही असो, वहीत आठ पॉइंट दोनच येणार होतं.

"असं लावलं तर हे मीटर चहालाही समुद्र म्हणेल," डॉक्टरीण म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिने स्टूल पुढे सरकवलं.

तिने मला पुढचं समजावून सांगितलं. गाड्यांचा, कारखान्यांचा, जळणाचा जो धूर हवेत जातो, त्यातला कर्बवायू समुद्रही पितो. पिऊन पिऊन पाणी हळूहळू आम्लाकडे सरकतं. त्याचा पहिला फटका कवचवाल्यांना बसतो. कवच ज्यापासून बनतं तो माल पाण्यात कमी पडतो. गवंडी कामावर हजर आहे, पण विटा येत नाहीत, तसं. पिल्लू बिचारं विटा शोधण्यातच सगळी शिदोरी संपवतं. आणि पहाटेचं पाणी सगळ्यात वाईट, कारण रात्री सगळे जीव श्वास सोडत असतात आणि शेवाळाला ऊन नसतं. दुपारी शेवाळ तोच वायू खातं, तेव्हा पाणी जरा सुधारतं.

म्हणजे आमचे दोन्ही नियम पिल्लांच्या मुळावर उठलेले होते. मला हायसं वाटलं, कारण माझे हात सुटले. आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं, हे बाबांना कोण सांगणार?

मीच सांगितलं. दुपारी ते खुर्चीत बसून औषधांच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरत होते. मी फार गुळमुळीत बोलणारी नाही, त्या दिवशी असते तर बरं झालं असतं. दोन वाक्यांत सांगून मोकळी झाले. त्यांनी हातातली गोळी डबीत टाकली, झाकण लावलं आणि विचारलं, "पहिल्यापासून?" मी हो म्हटलं. मग डबी बाजूला ठेवली आणि ते आत जाऊन पडले. संध्याकाळी जेवायलाही उठले नाहीत.

नवरा माझ्यावर भडकला. त्याची होडी आहे, तो कालवांच्या टोपल्या खाडीत सोडतो, त्यामुळे गोष्ट त्यालाही कळत होती. तरी म्हणाला, या वयात त्यांना हे सांगायची काय गरज होती? मी म्हटलं, मग कोणाला सांगू, कालवांना? त्यावर आमचं बोलणं बंद झालं. मला वाईट वाटत होतं, ते नवऱ्याच्या अबोल्याचं नाही. बाबांनी माझ्याकडे एकदाही रागाने पाहिलं नाही, त्याचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हौदखोलीत गेले तर बाबा आधीच तिथे. वर्षभरात पहिल्यांदा आले होते, काठी टेकत, रिक्षाने. डॉक्टरीणही होती. बाबांनी माझ्याकडे कपाटाची किल्ली मागितली, वह्या बाहेर काढल्या आणि टेबलावर एकीवर एक रचल्या. मला वाटलं, आता फाडतात की काय.

त्यांनी पहिली वही उघडून समासावर बोट ठेवलं. तिथे बारीक उभ्या रेघा होत्या, कुठे एक, कुठे दोन, कुठे काहीच नाही. त्या रेघा मी वर्षानुवर्षं बघत आले होते. बाबांनी त्या दिवशी किती कप चहा घेतला याचा तो हिशेब असावा, अशी माझी ठाम समजूत होती. म्हणून माझ्या हातात वही आल्यावर मी त्या लिहिणं सोडून दिलं होतं. कधी विचारलंही नाही.

"चक्री किती फिरवली ते लिहायचो," बाबा म्हणाले. "चक्रीवर खुणा आहेत ना, तितक्या रेघा. उगाच फिरवून गप्प बसायचं मला पटत नव्हतं."

डॉक्टरीण खुर्चीच्या अगदी कडेला येऊन बसली. काचेची नळी जुनी झाली की तिचा आकडा तसाही घसरतो, त्यामुळे सगळ्या रेघांवर विश्वास ठेवता येणार नाही, असं तिने आधीच बजावलं. पण नवी नळी लावायच्या दिवशी चक्री मधोमध आणून ठेवायची, ही बाबांची शिस्त होती. नवी कोरी नळी, चक्री मध्यावर आणि मग किती रेघा? त्याच तारखा आम्ही शोधून काढल्या. पहिल्या नळीला एकही रेघ नव्हती. चौथ्या नळीला एक. सातव्या नळीला तीन. बाबांनी लावलेल्या शेवटच्या, अकराव्या नळीला सहा. आणि प्रत्येक रेघ काटा वर चढवल्याचीच, असं बाबा म्हणाले.

डॉक्टरणीने ते आकडे आपल्या वहीत उतरवून घेतले. मग म्हणाली, इतक्या जुन्या काळाचा इथल्या पाण्याचा माग कोणाकडेच नाही. हे प्रयोगशाळेतलं मोजमाप नाही, पण पाणी कोणत्या बाजूला गेलं हे यातून कळतं. बाबांनी विचारलं, म्हणजे मी चूकही लिहिली आणि खरंही लिहिलं? ती म्हणाली, एकाच ओळीत लिहिलंत. मला रडू आलं. मी ते लपवायला हौद तपासायला गेले. हौद रिकामा होता.

खेपेची तयारी सुरू झाली. मीटर पुड्यांवर लावलं. हौद पहाटे न भरता दुपारी तीनला भरले, तेव्हा आकडा सात पॉइंट नऊ आला. उरलेली कसर सोड्याने भरून काढायची होती. आपला धुण्याचा सोडा असतो त्याचाच हा स्वच्छ, शुद्ध भाऊ. तो पाण्यात विरघळवायचा आणि हौदात थेंबाथेंबाने सोडायचा. एकदम ओतला तर पिल्लं त्यानेच मरतील. कमी पडला तर उपयोग नाही.

"थेंब माझ्याकडे द्या," बाबा म्हणाले.

कोणी नाही म्हणायची हिंमत केली नाही. उरलेल्या माद्यांनी अंडी सोडली, ती फळवून हौदात घातली, हौदाशेजारी खुर्ची आली, गुडघ्यांखाली उशी आली. सलाइनच्या नळीसारखी नळी टांगली आणि बाबा तिची चिमटी हलकेच सैल करत, आवळत बसले. दर पंधरा मिनिटांनी मी मीटर वाचायचे, ते मान डोलवायचे. रात्रीची पाळी नवऱ्याने घेतली. आमचा अबोला त्या कामात कधी सुटला ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. आठ जणींनी बाबांना चहा पाजून पाजून हैराण केलं. साखर बायकांनीच घातली, मोजून. बाबा म्हणाले, अगोड आहे.

तिथे बसल्या बसल्या बाबांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. मीटर समुद्राला लावायची रीत त्यांनी फक्त मला नव्हती शिकवली. किनाऱ्यावरच्या सात हॅचऱ्यांतली माणसं त्यांच्याकडे शिकून गेली होती. सगळ्यांच्या वहीत आज आठ पॉइंट दोन असणार. मी म्हटलं, आधी ही खेप बघू. मला तेवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नमुना काढायची वेळ झाली. काचेच्या पट्टीवर थेंब ठेवायला मला तीन प्रयत्न लागले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग भिंग नीट बसलं, आणि दिसली. एक बाजू सरळ, दुसरी गोल, अर्ध्या चकतीसारखी पारदर्शक कवचं. त्यांच्या आत काहीतरी लुकलुकत होतं आणि ती गोल गोल फिरत होती. मी मोजायला लागले आणि मोजणं चुकले, पुन्हा मोजायला लागले. शंभरात ऐंशीच्या वर होती. मी बाजूला झाले आणि बाबांना जागा दिली. त्यांनी चष्मा वर केला, वाकले आणि इतका वेळ वाकलेले राहिले की मला त्यांच्या पाठीची काळजी वाटली.

मालकीणबाई आल्या, त्यांनीही पाहिलं. बर्फाचं कोठार या वर्षी राहू दे, म्हणाल्या. आठ जणींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. मला मारायच्या की नाही यावर थोडा विचार झाला आणि मग मलाही मारल्या.

बाबांनी मात्र डॉक्टरणीला वेगळंच विचारलं. हौदातल्यांना आपण सोडा दिला, बाहेरच्यांना कोण देणार? तिने लपवाछपवी केली नाही. एवढ्या समुद्राला पुरेल इतका सोडा नाही, म्हणाली. धूर कमी करणं एवढाच उपाय आहे, तो सगळ्यांनी मिळून करायचा आहे आणि त्याला वेळ लागणार आहे. तोपर्यंत जिथे जिथे पिल्लं जगवता येतील तिथे ती जगवायची, आणि पाणी काय म्हणतंय ते खरं खरं लिहून ठेवायचं. बाबांनी त्यावर मान हलवली आणि मला फोन आणायला सांगितला.

मालकीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या हॅचऱ्यांना सांगायची काय घाई आहे, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं. नवरा म्हणाला, बाबा, तुम्ही नका करू, मी करतो, तुमचं नाव कशाला मध्ये. बाबा म्हणाले, शिकवताना नाव माझंच होतं.

पहिला फोन घड्याळाला लावला. घड्याळ म्हणजे त्यांचा सगळ्यात लाडका शिष्य. मिनिटभरही उशीर न करणारा, म्हणून हे नाव. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर होता आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जात होता. आधी तब्येतीची चौकशी झाली. मग बाबांनी विचारलं, "तुझ्याकडे पिल्लं दुसऱ्या दिवशी मरतात का रे?"

"नाही मास्तर," पलीकडून लगेच उत्तर आलं. "सगळं ठीक चाललंय."

बाबांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "माझ्या सुनेकडे तीन खेपा मेल्या," ते म्हणाले. "चूक तिची नव्हती. मीटर समुद्राला लावायला मी शिकवलं, ते चुकीचं शिकवलं. तिलाही आणि तुलाही."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मागे चाललेल्या पंपाचा आवाज बंद झाला. फोन कट झाला की काय म्हणून मी पुढे वाकले, तेवढ्यात तो बोलला, आणि त्याचा आवाज पार बदललेला होता.

"दोन वर्षं झाली, मास्तर. मला वाटलं माझेच हात वाईट. मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही."

आमच्या आठ जणींपैकी कोणीतरी मोठा श्वास घेतला. बाबांनी डोळे मिटले आणि उघडले.

"हात चांगले आहेत तुझे, मला माहीत आहेत ते," बाबा म्हणाले. "कागद घे."

"घेतला, मास्तर. सांगा."